बोगद्यातली हजेरी

रविवारी दुपारी एक वाजता आस्लाउगने सभागृहाचं कुलूप उघडलं, दिवे लावले आणि खुर्च्या मांडायला घेतल्या. बारा खुर्च्या, गोलात. सहा वर्षं ती हे काम करत होती. वाचनालयातर्फे महिन्यातून एकदा माहितीपट दाखवायचा, मग कॉफी, मग गोल बसून चर्चा. मधमाश्यांवर झाली, प्लास्टिकवर झाली. एकदा तर बटाट्यावर झाली आणि त्या दिवशी दोन शेजारी असे हमरीतुमरीवर आले की अजून एकमेकांच्या दारातलं बर्फ काढत नाहीत. चार माणसं बोलती ठेवणं म्हणजे काय गंमत वाटली तुम्हाला?

चर्चेचे नियम मात्र सोपे होते. नदीतला एक मुठीएवढा गुळगुळीत दगड हातोहात फिरायचा. दगड ज्याच्या हातात, तो बोलणार. बाकीच्यांनी तोंडं मिटायची. बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं आणि दगड शेजाऱ्याला द्यायचा. आणि चर्चा चालवणारीने स्वतःचं मत मधे घुसडायचं नाही. हा शेवटचा नियम आस्लाउगने सहा वर्षं पाळला होता. आज पाळता येईल की नाही, तिची तिलाच खात्री नव्हती.

कारण आजचा माहितीपट त्यांच्याच खोऱ्याचा होता. बर्गन शहरातल्या एका मुलीने तो केला होता. साठ वर्षांपूर्वी वीज कंपनीने या तुरवेदाल खोऱ्याच्या डोंगरातून पाण्याचा बोगदा खणला, तेव्हा ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी आत दरड कोसळली आणि नऊ माणसं मेली. चर्चच्या आवारात त्या नऊ जणांची नावं कोरलेली शिळा आहे. हे सभागृह म्हणजे तेव्हाची कामगारांची खाणावळ. मागच्या दारातून शंभर पावलं चाललं की बोगद्याचं जुनं तोंड, लोखंडी जाळी लावलेलं.

आणि जाळीसमोर शुक्रवारपासून काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. सोमवारी सकाळी सात वाजता ते तोंड कायमचं बुजणार होतं.

त्या ऑक्टोबरात आस्लाउगचा जन्मही झाला नव्हता. ती आईच्या पोटात होती. तिचा बाप सिवेर्ट त्याच बोगद्यात कामाला होता, पण शिळेवर त्याचं नाव नाही. तो मेलाच नाही, असं खोरं म्हणायचं. दरड कोसळली त्या संध्याकाळी तो घाबरला, पोटुशी बायको मागे टाकून बोटीत बसला आणि पळाला. शाळेत पोरं तिला ‘बोटवाल्याची’ म्हणायची. आई मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिली, “पळून जाणारा माणूस नवे बूट घरी ठेवून जात नाही.” पण बुटांची साक्ष कोण मानतो?

म्हातारे कामगार दारू चढली की आणखी एक गोष्ट सांगायचे. नऊ प्रेतं काढल्यावरही आतून तीन दिवस ठोके ऐकू येत होते म्हणे. शुद्धीवर आले की मात्र सगळे मूग गिळून बसायचे. आस्लाउगने कंपनीला तीन पत्रं लिहिली, आत माझा बाप आहे, तोंड बुजवू नका. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. अफवांवरून काम थांबवता येत नाही, प्रत्यक्ष पाहणाऱ्याची लेखी साक्ष आणा.

प्रत्यक्ष पाहणारा आता एकच उरला होता. हाल्वोर. तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी हजेरी घ्यायचा, आता ब्याऐंशी वर्षांचा. आणि सिवेर्टला बोटीत चढताना पाहणारा अख्ख्या खोऱ्यात तोच एकटा.

अडीच वाजता लोक जमले. पहिला आला यार्ले, सभागृहाच्या समितीचा अध्यक्ष. कंपनीच्या गाड्या दुरुस्त करण्यावर त्याचं घर चालायचं.

“आस्लाउग, आधीच सांगतो,” कोट काढता काढता तो म्हणाला, “चर्चा चर्चेसारखी कर. उगाच जुनी मढी उकरू नकोस.”

“मढी उकरू दिली असती तर चर्चा कशाला घेतली असती?”

“बघ, लागलीस तिरकं बोलायला. पाच वाजता मी कुलूप लावणार.”

“लाव की. तुझ्या कुलपाला कोण नाही म्हणतंय?”

“अरे बाबांनो, भांडा, पण खाऊन भांडा,” कोपऱ्यातून मागन्हिल्ड ओरडली. ती वाफल्स भाजत होती. शाळेत आस्लाउगच्या बाकावर बसलेली, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. “यार्ले, तपकिरी चीज तू कापलंस ना? इतकं पातळ की पलीकडचं दिसतंय. कंपनीने शिकवलं वाटतं!”

लोक हसले. तेवढ्यात दार उघडलं आणि हसू तिथंच विरलं. काठी टेकत हाल्वोर आत आला होता. सहा वर्षांत तो एकदाही कुठल्या माहितीपटाला आला नव्हता. आस्लाउग तीनदा त्याच्या घरी जाऊन आली होती, आणि तिन्ही वेळा त्याने तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. आज तो कुणाकडे न बघता दाराजवळच्या खुर्चीत बसला.

पडदे ओढले, दिवे मालवले. माहितीपट तासाभराचा होता. जुने फोटो, जुनी माणसं, बर्फातला डोंगर. मग एक लाकडी फळा दिसला. त्याच्या दोन बाजू, ‘आत’ आणि ‘बाहेर’. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला होता. आत जाताना तो ‘आत’च्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की ‘बाहेर’च्या. बिल्ला हलवल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, हा बोगद्याचा पहिला कायदा. दरडीनंतरच्या फोटोत ‘आत’च्या बाजूला बिल्ले दिसत होते. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, “नऊ.”

ठक.

दूर कुठे तरी दगडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज. पार्श्वसंगीत असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती ‘नऊ’ म्हणाली की तो येत होता. छान साधलंय, आस्लाउगला वाटलं. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, त्या नऊ जणांच्या स्मृतीस. त्या वेळी ‘नऊ’ कुणी उच्चारलं नाही, आणि आवाजही आला नाही.

पडदे उघडले. बाहेर फेब्रुवारीतला करडा उजेड, बर्फ आणि ती गाडी. कॉफी झाली, वाफल्स झाले, लोक गोलात बसले. आस्लाउगने दगड हातात घेतला.

“नेहमीसारखंच. मनात काय राहिलं, एवढंच सांगायचं. मागन्हिल्ड, तुझ्यापासून.”

मागन्हिल्डने दगड मांडीवर ठेवला. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “मला त्या बायकांचे चेहरे राहिले गं. एका संध्याकाळी नऊ घरं बसली…”

ठक.

या वेळी आवाज खालून आला. पायाखालच्या लाकडी फळ्यांच्या खालून. माहितीपट दाखवायचं यंत्र बंद होतं, त्याची वायरसुद्धा आस्लाउगने गुंडाळून ठेवली होती.

“पाइप आहेत,” यार्ले म्हणाला. “थंडीत आकसतात.”

“दगड तुझ्या हातात नाही, यार्ले,” आस्लाउग म्हणाली.

दगड पुढे गेला. शाळेचे मास्तर म्हणाले, मुलांना ही शिळा दाखवायला हवी, नऊ नावं… ठक. पोस्टातली बाई म्हणाली, त्या नऊंपैकी एक तिच्या आजीचा भाऊ. ठक. तिने दोन्ही पाय चटकन खुर्चीच्या दांडीवर घेतले. चौथ्या माणसाने तोंड उघडलं आणि तो आकड्याशी अडखळला. “त्या… जेवढे होते तेवढ्यांना…” एवढंच म्हणून त्याने दगड यार्लेकडे दिला.

यार्लेने सगळ्यांकडे पाहिलं. “काय लहान मुलं आहात का रे? पाइप आहेत म्हणून सांगतोय ना! नऊ माणसं मेली, वाईट झालं.”

ठक.

“नऊ!”

ठक.

त्याने ओठ ओले केले. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, “नऊ…”

ठक. तोही हळू.

 त्याच वेळी वास आला. वाफल्सचा गोड वास बाजूला सारून ओल्या खडकाचा, आणि त्यात मिसळलेला जळका, डोकं धरायला लावणारा वास. आस्लाउगने तो आयुष्यात कधी घेतला नव्हता. पण मागन्हिल्डचा बाप बोगद्यातला होता. ती पुटपुटली, “सुरुंगाचा धूर… बाबांच्या कपड्यांना यायचा…”

यार्लेने दगड जवळजवळ टाकल्यासारखा पुढे दिला. आता तो हाल्वोरच्या हातात आला.  तो दगडाकडे बघत राहिला, बघत राहिला.

“पुढे,” तो म्हणाला.

त्याच्यानंतरचे सगळेच ‘पुढे, पुढे’ म्हणत गेले आणि दगड आस्लाउगच्या हातात परत आला. दगड बर्फासारखा गार झाला होता, आणि ओला.  ती घाबरली होती, खोटं कशाला बोला.  पण त्या भीतीखाली दुसरंच काही तरी उकळत होतं. साठ वर्षं या खोऱ्याने तिला बोटवाल्याची म्हटलं. आणि आता जमिनीखालून एकच ठोका येतोय तर सगळे कोट शोधायला निघाले?

“बसा,” ती म्हणाली.

“आस्लाउग, पुरे झालं…” मास्तर अर्धवट उठले होते.

“बसा म्हणते ना! सहा वर्षं मी तुमच्या बटाट्याच्या गप्पा ऐकून घेतल्या. फेरी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम तुम्हीच केलात.” ती कोपऱ्यातून तेरावी खुर्ची ओढत घेऊन आली आणि गोलात ठेवली. तिने तिच्यावर दगड ठेवला. “इथं कुणाला तरी बोलायचंय. त्याला पाळी मिळालेली नाही. नियम सगळ्यांना सारखा.”

 आस्लाउग जमिनीकडे बघत म्हणाली, “दगड तुमच्याकडे आहे. बोला.”

बराच वेळ काही झालं नाही. मग खालून आलं. ठक, ठक, ठक. थांबलं. ठक, ठक, ठक.

हाल्वोरच्या घशातून विचित्र आवाज निघाला. “बंद कर… बंद कर गं पोरी ते…”

“काय आहे ते, काका?”

“काही नाही… पाणी… पाणी आहे पाइपातलं…”

“तीन ठोके म्हणजे ‘माणूस आहे’,” मागन्हिल्ड म्हणाली.  “बाबा जेवणाच्या टेबलावर चमच्याने वाजवून दाखवायचे. बोगद्यात अडकलं की असं वाजवायचं.”

आस्लाउगने दगड उचलला. “दुसरी फेरी.”

दुसरी फेरी एका मिनिटात संपली. सगळे ‘पुढे’. हाल्वोरही ‘पुढे’. ती म्हणाली, “तिसरी.” तिसऱ्या फेरीत यार्लेने दगड घेतलाच नाही. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा राहिला. पाच वाजायला वीस मिनिटं होती आणि बाहेर अंधारायला लागलं होतं.

“संपलं. मी सभागृह बंद करतोय.”

“कर. बाहेरून कुलूप लाव हवं तर,” आस्लाउग बसल्या जागेवरून म्हणाली. “उद्या सात वाजता ती गाडी चालू होईल. त्याआधी मी या सभागृहातून हलले तर बापाची पोर नाही. यार्ले, तुला जायचंय तर खुशाल जा. पण जाताना एकदा ‘नऊ’ म्हणून जा.”

यार्लेने तोंड उघडलं. मिटलं. किल्ल्या खिशात घातल्या. शेवटी तो मुकाट्याने खाली बसला.

“पीठ अजून अर्धं भांडं आहे,” मागन्हिल्ड म्हणाली. “मी सकाळपर्यंत भाजू शकते.”

दगड पुन्हा हाल्वोरकडे गेला. या वेळी आस्लाउग त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.  खालून तीन ठोके आले. थांबले. पुन्हा तीन.

“तो… बाहेर आला होता,” हाल्वोर म्हणाला. एवढा बारीक आवाज की सगळे पुढे वाकले. “सिवेर्ट. पाळी संपली होती. बिल्ला त्याने ‘बाहेर’ला अडकवला. मग म्हणाला, डबा आत राहिला. परत बिल्ला हलवायला लागला तर मीच म्हणालो… दोन मिनिटांसाठी कशाला? पळ. आण जा.”

“मग?”

“मग डोंगर हलला.”

त्याने डोळे मिटले. “दुसऱ्या दिवशी सगळी प्रेतं निघाली. आणि आणखी आतून, दुसऱ्या ढिगाच्या पलीकडून, ठोके यायला लागले. इंजिनिअरने मला विचारलं, हाल्वोर, आत कुणी उरलंय? मी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर हिशोब बरोबर होता. बावीस वर्षांचा होतो मी… मी म्हणालो, नाही. मग ते म्हणाले, पाणी असेल.”

“किती दिवस?”

“तीन दिवस. चौथ्या दिवशी… थांबलं. मग मी त्याचा बिल्ला खाडीत टाकला. आणि बोटीचं सांगितलं सगळ्यांना.”

आस्लाउगला वाटलं, त्याच्या हातातला दगड हिसकावा आणि त्याच्या टाळक्यात घालावा. तीन दिवस! तिची आई त्या तीन दिवसांत बोगद्यापासून शंभर पावलांवर, याच खाणावळीत, भांडी घासत होती. सगळ्यांसारखी तीही ते पाणीच समजली असेल. आस्लाउगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

“पोरी, मला माफ…”

“माफी मागू नकोस,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरेतुरे केलं. “माफी मी देणार नाही. लिहून दे.”

यार्लेने न सांगता सभागृहाची वही आणली. समितीचे ठराव तोच लिहायचा, त्याचं अक्षर खोऱ्यात सगळ्यांत चांगलं. हाल्वोर सांगत गेला, तो लिहीत गेला. मधे एकदाही त्याने कंपनीचं नाव काढलं नाही. खालचे ठोके थांबले होते. जळका वासही कमी झाला होता. पोस्टातली बाई हळूच रडत होती, आणि मास्तरांनी कधी नव्हे ते आस्लाउगच्या खांद्यावर हात ठेवला. तिला इतकं हलकं वाटत होतं की भीतीच वाटावी. उद्या गाडी चालू होणार नाही. ते आत जातील, त्याला बाहेर काढतील, शिळेवर त्याचं नाव येईल. आई, ऐकलंस का गं? आता बुटांची साक्ष लागणार नाही.

आता राहिली होती फक्त सही. पण वहीतलं मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, ही खोऱ्याची जुनी रीत. यार्लेने घसा साफ केला आणि वाचायला लागला. तारीख वाचली, हाल्वोरचं नाव वाचलं, डबा, बिल्ला, इंजिनिअर, सगळं वाचलं. मग शेवटची ओळ.

“म्हणून मी शपथेवर सांगतो, की त्या संध्याकाळी बोगद्यात नऊ नव्हे, तर दहा माणसं होती.”

ठक.

यार्लेने वर पाहिलं.  आस्लाउगने हाल्वोरकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिला कळलं की या वेळी तो खोटं बोलत नाहीये.

“मला नाही माहीत…” तो म्हणाला. “देवाशपथ… आणखी कुणी… मला नाही माहीत गं…”

लोक आपापले कोट बघायला लागले. खरं तर आता थांबायला काय हरकत होती? तिचं काम झालं होतं. साक्ष वहीत होती, सही व्हायची होती, बाप सापडला होता. “चला, आभारी आहे, भेटू पुढच्या महिन्यात,” एवढं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. तिने हाल्वोरसमोर वही धरली, त्याची सही घेतली, आपल्या हाताने तारीख घातली. मग ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि त्याच्याकडून घेतलेला तो गार, ओला दगड तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

“माझा मिळाला,” ती म्हणाली. “आता कुणाचा आहे? या खोऱ्यातून आणखी कोण कोण ‘पळून’ गेलं होतं? ज्याच्या घरचं असं कुणी गेलंय, त्याने दगड घ्यावा.”

तिने दगड पुढे केला.

पहिला हात आला यार्लेचा. आणि तो दगडाला लागायच्या आत मागन्हिल्डचा. मग मास्तरांचा.